अर्ध्या मिलिमीटरवरचे दोन कान

मा. संपादक,

निसर्गाकडून इंजिनिअरिंग शिकायचं म्हटलं की पेपरात खंड्याची चोच आणि जपानची बुलेट ट्रेन, नाहीतर कमळाचं पान. छानच आहे, पण किती वेळा तेच? त्यापेक्षा ऑर्मिया ओक्रेशिया नावाच्या अमेरिकेतल्या पिवळट माशीवर लिहा ना.

हिची मादी रात्री रातकिड्याच्या किरकिरीवरून त्याला बरोब्बर गाठते आणि त्याच्यावर अळ्या सोडते, त्या मग त्याला आतून खातात. (हवाईच्या कौआई बेटावर हिच्यामुळे वीसेक पिढ्यांतच आवाज न करणाऱ्या पंखांचे नर रातकिडे वाढले, गाणारे जवळजवळ संपलेच.) आता आपल्याला दिशा कळते कारण दोन कानांत जवळपास वीतभर अंतर आहे, आवाज एका कानात आधी पोचतो. हिचे कान मानेखाली, छातीवर, एकमेकांना चिकटलेले, अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर! म्हणजे फरक फार तर दीड मायक्रोसेकंदाचा, त्यातून काय डोंबल कळणार? पण हिच्या कानांचे दोन पडदे एका बारक्या दांडीने जोडलेत, दांडी मधोमध टेकलेली, सीसॉच म्हणा ना, त्यामुळे आवाजाकडचा पडदा जास्त हलतो, दुसरा कमी आणि उशिरा, आणि दीडचे पन्नासेक मायक्रोसेकंद होतात. मेंदूपर्यंत जायच्या आधीच अर्धं काम झालेलं. दिशा पकडते ती २ अंशांपर्यंत, आपल्याइतकीच.

हे १९९५ मध्ये रॉन माइल्स, डॅनिएल रॉबर्ट आणि रॉन हॉय यांनी उलगडलं, त्यातले माइल्स मेकॅनिकल इंजिनिअर, त्यांनी पुढे तसाच डुलणारा सिलिकॉनचा चिमुकला पडदा असलेले माइक बनवले.

आमच्याकडे कानाचं मशीन वापरणारं माणूस आहे म्हणून जास्त सांगतोय, लग्नाच्या हॉलमध्ये वाजंत्री, भांडी, शेजारच्याचं बोलणं सगळं एकदमच मोठं होतं. दिशा ओळखणाऱ्या मशीनमध्ये दोन माइक असतात पण कानामागे जागा ती किती, फरक इतका बारीक येतो की माइकची स्वतःचीच खरखर त्यात मिसळते. हातात मावणाऱ्या रोबोटची पण हीच पंचाईत. नुसतं प्रोसेसिंग वाढवून बॅटरी संपवण्यापेक्षा माइकचीच रचना बदला, हे मला तरी जास्त पटतं.

लेख छापलात तर त्या दांडीची आकृती मात्र मोठी द्या, शब्दांत ती नीट समजत नाही.

– एक वाचक, डोंबिवली