उंब्रजची वाट

ऐरोली, नवी मुंबई
रविवार, रात्री

प्रिय सुहास,

गेल्या दिवाळीत आमच्या ओसरीवर बसून तू मला विचारलं होतंस, "खरं सांग मर्दा, तुमचे सर्व्हर ऐरोलीतच आहेत, का सिंगापुरात ठेवून आम्हाला ऐरोली सांगता?" मी म्हणालो ऐरोलीतच, आणि ते खरं होतं. पण तुझी शंकाही खरी होती, हे मला दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या शाखेत बसल्यावर कळलं. तेव्हापासून काय काय केलं ते तुला फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगत आलोय. आज मुलं झोपलीत, निवांत आहे, सगळं सलग लिहितो. शेवटी पिग्मीच्या मशीनमधल्या तुझ्या प्रोग्रामबद्दलही सांगायचंय.

ती संध्याकाळ आठव. सहा वाजले होते, पिग्मी एजंट एकेक करून येत होते, मशीन शाखेच्या वायफायला लावत होते आणि नोंदी आमच्या सर्व्हरवर चढेपर्यंत बाकावर बसून राहत होते. दोनशे नोंदींच्या एजंटाला सव्वा मिनिटाच्या वर लागत होतं, मध्येच एखादी नोंद अडकली तर पुन्हा पहिल्यापासून. शाखेच्या मॅडम माझ्याकडे बघून काही बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. मी लॅपटॉप काढून पिंग केलं, म्हणजे आमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन किती वेळ लागतो ते मोजलं: १२८ मिलिसेकंद. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण दोनशे किलोमीटर जातो. उंब्रज ते ऐरोली रस्त्यानं पावणेतीनशे किलोमीटर धर. फायबरची वेडीवाकडी वळणं आणि मधली यंत्रं धरूनसुद्धा जाऊन-येऊन दहाच्या आत आकडा यायला हवा.

ट्रेसराउट काढला, म्हणजे डेटा वाटेत कोणकोणत्या राउटरमधून, पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांतून, जातो त्याची यादी, तेव्हा कळलं. कराडच्या केबलवाल्याचे दोन राउटर, मग त्याला नेट देणारी मोठी कंपनी, आणि त्यानंतर ज्या राउटरची ओळ आली त्याच्या नावात सिंगापूरची तीन अक्षरं. तिथून परत मुंबई, मग आमचं दार. उंब्रजच्या आजीनं भरलेले पन्नास रुपये समुद्राखालून सिंगापूरला जाऊन ऐरोलीला येत होते आणि पोचपावतीही त्याच वाटेनं परत जात होती. सिंगापूरच्या एका फेऱ्याला साठेक मिलिसेकंद लागतात. दोन फेऱ्यांचे एकशेवीस आणि इथले आठ. हिशेब चोख जुळला.

कारण सांगतो. आम्ही ट्रान्झिट एका मोठ्या कंपनीकडून घेतो, म्हणजे पैसे मोजतो आणि ती आमचं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, जगात कुठंही पोचवते. कराडवाला दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून घेतो. या दोघींचं देशात एकमेकींशी जुळत नव्हतं, त्यांची गाठ पडायची ती सिंगापुरातच. यात आमचा सर्व्हर कितीही वेगवान असला तरी काही फरक पडला नसता. मी आधीचं अख्खं वर्ष डिस्क बदलण्यात आणि मेमरी वाढवण्यात घालवलं होतं.

तुला आमचं रान माहीत आहे. रस्त्यापासून आत जायला आमची स्वतःची वाट नाही, शेजारच्यांच्या बांधावरून जातो. आजोबांच्या काळापासून चालत आलंय, कागद एकही नाही. आम्ही त्यांच्या बांधावरून, ते आमच्या विहिरीजवळून. दोन नेटवर्कांमधलं पीअरिंग मला नेहमी तसंच वाटतं. तू मला तुझ्या ग्राहकांपर्यंत थेट येऊ दे, मी तुला माझ्या ग्राहकांपर्यंत येऊ देतो, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. फक्त तुझ्या रानातून पलीकडच्या तिसऱ्याच्या रानात जायचं नाही, त्यासाठी ट्रान्झिटच लागतो. पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेनं २०१६ साली जगभरातले १९ लाखांहून जास्त पीअरिंग करार तपासले होते, त्यातले ९९.९३ टक्के लेखी नव्हतेच. जगाचं इंटरनेट इतक्या मोठ्या प्रमाणात शब्दावर चालतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी किती तरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसलो होतो.

पण प्रत्येकाशी वेगळी तार ओढायची तर शंभर जणांमध्ये ४,९५० तारा लागतील. म्हणून इंटरनेट एक्सचेंज. आत जाऊन बघितलंस तर डेटा सेंटरमधल्या कपाटात बसवलेले मोठे इथरनेट स्विच, बाकी काही नाही. सगळ्यांनी आपापली एकच तार तिथं आणून लावायची आणि मग ज्याला ज्याच्याशी बोलायचं त्यानं बोलायचं. फ्रँकफर्टचं डीई-सीआयएक्स हे एक्सचेंज १९९५ साली तीन कंपन्यांनी एका जुन्या पोस्टाच्या इमारतीत असंच सुरू केलं होतं. आपल्याकडे २००३ साली निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया) स्थापन झाली ती याचसाठी, देशातला डेटा देशातच फिरावा म्हणून. सुरुवातीला तिथं जास्त डेटा मागवणाऱ्यानं देणाऱ्याला पैसे मोजायचे अशी रीत होती. माझ्या मते त्या रितीनं बरीच वर्षं लोकांना तिथं मोकळेपणानं येऊ दिलं नाही. आता मुंबई-नवी मुंबईत डीई-सीआयएक्ससकट अनेक एक्सचेंज आहेत, आणि गावोगावचे केबलवाले स्वतः लाइन भाड्यानं घेऊन त्यांच्यापर्यंत येतात. आपला कराडवालाही त्यातल्या एकावर दोन वर्षांपासून होता. आमच्याच इमारतीत, आमच्या रॅकपासून दोन मजले वर.

हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन मजले, सुहास.

एक्सचेंजवर पोर्ट, म्हणजे आपली तार लावायची जागा, घ्यायला साहेबांना पटवण्यात महिना गेला. ट्रान्झिटचं बिल कसं होतं ते तुला माहीत नसेल. दर पाच मिनिटांनी वेग मोजतात, महिन्याभराच्या मापांतली वरची पाच टक्के, म्हणजे साधारण ३६ तासांची, सोडून देतात आणि उरलेल्यातलं सगळ्यात मोठं माप धरून पैसे लावतात. आमची गर्दी रोज संध्याकाळचे चार तास, म्हणजे महिन्याचे १२० तास, ती काही सुटत नाही. एक्सचेंजच्या पोर्टचं भाडं मात्र ठरलेलं, कितीही वापरा. हा हिशेब कागदावर मांडून दिल्यावर साहेब तयार झाले. १० गिगाबिटचा पोर्ट, मीट-मी रूममधून (इमारतीतल्या सगळ्यांच्या तारा जुळतात ती खोली) दोन मजले वर जाणारी फायबरची एक जोडी, एवढंच सामान.

एक्सचेंजवर रूट सर्व्हर असतो. तो पाकिटं वाहत नाही, फक्त कोणाकडे कोणते इंटरनेटचे पत्ते आहेत ते सगळ्यांना सांगतो. त्याच्याशी एक बीजीपी सेशन, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा सांगायचा दुवा, जोडलं की तिथल्या पुष्कळ सभासदांचे रूट, म्हणजे त्यांच्यापर्यंतच्या वाटा, एका दमात मिळतात. मी सेशन जोडलं, तिथून आलेल्या रूटना लोकल प्रेफरन्स, म्हणजे आमच्या राउटरची पसंती, ट्रान्झिटपेक्षा जास्त दिला आणि उंब्रजला पिंग केलं. ६८. मी परत केलं. ६८. बरोब्बर साठ कमी झाले होते.

त्या आकड्याचा अर्थ मला लगेच कळला. आमच्याकडून उंब्रजला जाणारं पाकीट थेट जायला लागलं होतं, उंब्रजहून येणारं अजून सिंगापूरवरून येत होतं. आपल्या दारातून बाहेर पडताना कोणती वाट धरायची ते आपण ठरवतो. समोरच्यानं आपल्याकडे कोणत्या वाटेनं यायचं ते तो ठरवतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट आहे, कारण तिथं कमांड चालत नाही, माणसाला फोन करावा लागतो.

कराडच्या त्या केबलवाल्या पोराला रात्री साडेअकराला फोन केला. त्याची-माझी ओळख नव्हती. तो जेवता जेवता उठला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "दादा, तुमचा एकही रूट मला एक्सचेंजवरून येत नाहीये. ट्रान्झिटवरूनच दिसतोय." मग आम्ही दोघांनी मिळून एक्सचेंजच्या लुकिंग ग्लासवर, म्हणजे रूट सर्व्हरकडे काय आलंय ते दाखवणाऱ्या पानावर, बघितलं, तर रूट सर्व्हरनं आमचे चारही रूट अमान्य म्हणून टाकून दिले होते.

चूक माझी होती. निक्सीच्या नोंदणी विभागाकडून आम्हाला १,०२४ पत्त्यांचा गट मिळालाय. हे पत्ते आमच्याच नेटवर्कमधून जाहीर होतील अशी सही केलेली नोंद, तिला आरओए म्हणतात, मी तीन वर्षांपूर्वी करून ठेवली होती, पण ती अख्ख्या गटाची. त्यानंतर कधी हल्ला झालाच तर तेवढाच तुकडा बाजूला काढता यावा म्हणून आम्ही २५६-२५६ पत्त्यांचे चार तुकडे करून जाहीर करायला लागलो. नोंद बदलायची राहिली. ट्रान्झिटवाली कंपनी ती तपासत नव्हती म्हणून तीन वर्षं काही कळलं नाही. एक्सचेंजचा रूट सर्व्हर तपासतो, आणि नोंदीत नसलेला लहान तुकडा तो पुढे जाऊ देत नाही.

तो तसं का करतो हे तुला सांगितलंच पाहिजे, कारण आपण ते डोळ्यांनी बघितलंय. २००८ सालचा हॉस्टेल आठव. जानेवारीच्या शेवटी अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या आणि आपल्या लॅबमधलं नेट कित्येक दिवस रांगत होतं. आणि पुढच्याच महिन्यात, २४ फेब्रुवारीला, यूट्यूब दोनेक तास गायब झालं होतं. पाकिस्तान टेलिकॉमला आपल्या देशात यूट्यूब बंद करायचं होतं, म्हणून त्यांनी यूट्यूबच्या १,०२४ पत्त्यांमधला २५६ पत्त्यांचा तुकडा आपल्याकडे वळवला, आणि ती घोषणा चुकून जगभर पसरली. राउटरला मोठ्या गटापेक्षा लहान तुकड्याचा रूट नेहमी जास्त पसंत, म्हणून सगळं जग तिकडे जायला लागलं. आकडे बघ, १,०२४ आणि २५६. माझी चूक बाहेरून बघणाऱ्याला अगदी त्याच आकाराची दिसत होती. रूट सर्व्हरनं मला अडवलं हे बरोबरच केलं.

चार तुकड्यांच्या चार नोंदी केल्या. त्या सगळीकडे पोचायला थोडा वेळ लागतो. तो पोरगा तोवर फोनवर थांबला, कराडच्या पावसाबद्दल आणि त्याच्या बहिणीच्या लग्नाबद्दल बोलत. रात्री सव्वाला त्याच्या स्क्रीनवर आमचे रूट आले. मी पिंग केलं, ९ मिलिसेकंद. आम्ही दोघंही काही क्षण काहीच बोललो नाही. मग तो म्हणाला, "दादा, आता एवढ्यासाठी सेशन वेगळं थेट पण जोडूया, रूट सर्व्हर बंद पडला तरी चालेल." तिथल्या तिथं जोडलं. कागद नाही, सही नाही. अजून मी त्याला प्रत्यक्ष भेटलेलो नाही.

मोठ्या व्हिडिओवाल्या आणि शोधयंत्रवाल्या कंपन्यांशीही नंतर पीअरिंग केलं. त्यांच्याकडे फॉर्म भरायचा, ठरलेल्या अटींत बसलं की जुळतं. त्यात सांगण्यासारखं फार नाही.

मार्चमधली ती रात्र मात्र सांगायला हवी, कारण तुझ्या तीन शाखांना त्याचा त्रास झाला आणि मी तेव्हा फोनवर नीट उत्तर दिलं नव्हतं. तोवर आमचा निम्म्याहून जास्त डेटा एक्सचेंजवरून जात होता आणि साहेबांनी ट्रान्झिट कमी करून घेतला होता. मी हरकत घेतली होती, पण जोर लावला नाही. त्या रात्री एक्सचेंजच्या बाजूला काही बिघडलं. आमच्या पोर्टचा दिवा हिरवाच राहिला, त्यामुळे आमच्या राउटरला वाटलं सगळं ठीक आहे. सेशन मेलं आहे हे मानायला तो १८० सेकंद थांबला, आणि ती तीन मिनिटं सगळी पाकिटं वाया गेली. मग सगळा भार ट्रान्झिटवर पडला आणि तो पुरला नाही. आता ती मुदत कमी केली आहे, दुसऱ्या इमारतीत दुसरा पोर्ट घेतलाय आणि ट्रान्झिट पूर्वीएवढा परत वाढवलाय. बांधावरची वाट पावसाळ्यात बंद पडू शकते हे माहीत असणाऱ्यानं गावाची सडक बुजवायची नसते. हे मी तेव्हाच ठामपणे म्हणायला हवं होतं.

आता तुझं काम. तुझं मशीन प्रत्येक नोंदीला नवीन कनेक्शन उघडतं. एक फेरी कनेक्शनची, एक कुलूप-किल्लीची, एक खऱ्या नोंदीची, म्हणजे तीन फेऱ्या. तेव्हा १२८ च्या तीन म्हणजे ३८४ मिलिसेकंद, दोनशे नोंदींना ७७ सेकंद. आता ९ च्या तीन म्हणजे २७, दोनशे नोंदी साडेपाच सेकंदांत. पण तू कनेक्शन एकदाच उघडून चालू ठेवलंस तर दोन सेकंदांच्या आत काम होईल. आणि हे महत्त्वाचं अशासाठी की पाटणच्या शाखेचं नेट वेगळ्या कंपनीचं आहे. ती कंपनी आमच्याशी पीअरिंगला अजून तयार नाही, मी तिला तीनदा लिहिलंय. तिथले एजंट अजून बाकावर बसतात. माझ्या हातात जेवढं आहे ते मी करतोय. तोवर तू तुझ्या बाजूनं केलंस तर त्यांची सव्वा मिनिटं पंचवीस सेकंदांवर येतील. या आठवड्यात जमेल का?

आणि उद्या संध्याकाळी सहाला, एजंट आलेले असतानाच, पाटणहून एक ट्रेसराउट काढून पाठव. सकाळचा नको, गर्दीच्या वेळचा हवा. जमलं तर आमच्या बाजूनं पाटणला जाणाराही मी त्याच वेळी काढतो, म्हणजे जायची आणि यायची वाट दोन्ही कळतील.

काकूंना नमस्कार. उंब्रजच्या मॅडमना सांग, मी विचारलंय की आता एजंट किती वाजता घरी जातात.

तुझा,
विन्या