द्राक्षपट्ट्यातील गावरस्ते सायकलसाठी राखावेत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने नाशिक जिल्ह्यात चाललेल्या रस्त्यांच्या रुंदीकरणाच्या आणि नव्या कामांच्या बातम्या आपल्या दैनिकातून सातत्याने वाचावयास मिळत आहेत. एवढ्या मोठ्या संख्येने येणाऱ्या भाविकांची ये-जा सुरळीत व्हावी यासाठी ही कामे आवश्यक आहेत, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र या साऱ्या चर्चेत गोदावरी आणि कादवा या दोन नद्यांच्या खोऱ्यांतून, द्राक्षबागांच्या मधून जाणाऱ्या अरुंद डांबरी गावरस्त्यांचा विषय क्वचितच निघतो. सायकल चालवण्यासाठी इतके अनुकूल रस्ते महाराष्ट्रात अन्यत्र फार थोडे असतील, असे माझे अनेक वर्षांच्या सायकलस्वारीनंतरचे ठाम मत आहे. ते मोटारींच्या पर्यायी वाटा होऊन बसण्याआधी त्यांतील काही रस्ते अधिकृत सायकलमार्ग म्हणून घोषित व्हावेत, एवढी मागणी मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आणि उत्तरेला सातमाळ्याची रांग उभी असली, तरी त्यांच्यातून उगम पावणाऱ्या नद्या पूर्वेकडे वळल्या की जमीन अगदी सावकाश उतरत जाते. दिंडोरी तालुक्यातून येणारी कादवा करंजवण आणि पालखेड ही धरणे ओलांडून निफाड तालुक्यात शिरते आणि नांदूरमध्यमेश्वर येथे गोदावरीला मिळते. या संपूर्ण पट्ट्यात घाट नाही. चढ लागतो तो ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पलीकडच्या टेकाडावर येण्यापुरता, आणि टेकाडावर पोहोचताच पुढचा उतार समोर दिसू लागतो. नवख्या माणसाचा दम जाऊ नये आणि सरावलेल्या सायकलस्वाराला कंटाळाही येऊ नये, अशी ही जमिनीची ठेवण आहे.

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी दिंडोरी तालुक्यातल्या जानोरीहून मोहाडीकडे निघाले की हा प्रदेश काय आहे ते कळते. निफाड-दिंडोरीकडची थंडी प्रसिद्धच आहे. पारा फार खाली गेला तर मणी तडकतात, म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि त्यांचा धूर सूर्य वर येईपर्यंत रस्त्याच्या पातळीवर तरंगत राहतो. दोन्ही बाजूंना मांडवाच्या आणि वाय आकाराच्या तारांवर चढवलेल्या वेली, त्यांच्या बुडाशी ठिबकच्या काळ्या नळ्या, आणि उन्हाने मण्यांचा रंग बिघडू नये म्हणून घडांना गुंडाळलेले कागद. तेवढ्यात पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांनी भरलेली पिकअप गाडी मागून येते. चालक हॉर्न न वाजवता वेग कमी करतो, कारण या रस्त्यावर सायकल, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांच्यासोबत चालण्याची त्याला सवय असते. महामार्गावर हा समजूतदारपणा अपेक्षिता येत नाही.

सायकलस्वारांचे गाव म्हणून नाशिकची ओळख आज देशभर आहे. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये, आणि त्या वेळी नाशिकमध्ये कार्यरत असलेले लष्करी अधिकारी श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ मध्ये एकट्याने, 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची स्पर्धा पूर्ण केली. नाशिकहून पंढरपूरला जाणाऱ्या सायकल वारीत तर सर्व वयोगटांतील स्त्री-पुरुष सहभागी होतात. असे असूनही इथल्या सामान्य सायकलस्वाराला बहुधा मुंबई-आग्रा महामार्ग किंवा वणी-सापुताऱ्याच्या वाहतुकीने भरलेला दिंडोरी रस्ता यांचाच आधार घ्यावा लागतो. तिथे पांढऱ्या पट्टीबाहेर डांबर संपते आणि साइडपट्टी पावसाने खचून कित्येक ठिकाणी वीतभर खाली गेलेली असते. मागून कंटेनर आला तर अरुंद टायरच्या सायकलला खाली उतरायला जागा नसते आणि वर राहणेही सुरक्षित नसते. पहाटे अंधारात निघायचे आणि वाहतूक वाढण्याआधी घरी परतायचे, हा त्यावर काढलेला तोडगा आहे. पण त्याला सुरक्षितता म्हणता येणार नाही.

युरोपातील द्राक्षांच्या खोऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीतील मोझेल नदीच्या काठाने पेर्लपासून कोब्लेंझपर्यंत सुमारे २५० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. ऑस्ट्रियात डॅन्यूबच्या काठी मेल्क आणि क्रेम्स यांच्या दरम्यान वाखाउ नावाचे द्राक्षखोरे आहे आणि पासाउहून व्हिएन्नाला जाणारा प्रसिद्ध सायकलमार्ग त्यातूनच जातो. या मार्गांविषयी आपल्याकडे असा समज आढळतो की तिथल्या सरकारांनी अमाप पैसा ओतून सायकलसाठी स्वतंत्र रस्ते बांधले. काही भाग तसे आहेतही. पण मळ्यांमधून जाणारे अनेक टप्पे हे शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरसाठीच केलेले शेतरस्ते आहेत. तिथे एक फलक लावलेला असतो : इतर वाहनांना मनाई, शेतीच्या वाहनांना आणि सायकलींना मुभा. ट्रॅक्टर आला की सायकलस्वाराने बाजूला व्हायचे, हा तिथला साधा शिरस्ता आहे. शिवाय द्राक्षे पिकली की जर्मनीतील काही गावांत मळ्यांमधील वाटा बाहेरच्यांसाठी काही काळ बंद ठेवल्या जातात आणि त्याबद्दल कोणी कुरकुर करत नाही, कारण पीक आधी आणि सहल नंतर हे सर्वांना मान्य असते.

आपल्याकडेही नवा रस्ता बांधण्याची गरज नाही, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. गंगापूर धरणाच्या परिसरातून निघून, रामशेज किल्ला नजरेत ठेवत दिंडोरी तालुक्यात शिरायचे, मोहाडी आणि पालखेडच्या बाजूने कादवेच्या संगतीने निफाडकडे यायचे आणि नांदूरमध्यमेश्वरला पोहोचायचे, असा मार्ग आज अस्तित्वात असलेल्या ग्रामीण आणि इतर जिल्हा मार्गांवरूनच आखता येतो. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी तिथल्या पाणथळीवर उतरतात आणि नेमका तोच काळ द्राक्षे भरण्याचा व काढणीचा असतो. परतीला निफाड रेल्वे स्थानक जवळ आहे. स्थानिक गाड्यांतून सायकल नेण्याची सुटसुटीत सोय झाली तर ज्यांना एकाच दिशेने जायचे आहे त्यांचीही सोय होईल.

या मार्गाची खरी अडचण एकाच ठिकाणी आहे आणि ती मोठी आहे. दिंडोरीकडून निफाडकडे जाताना कुठे ना कुठे मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडावाच लागतो. महामार्गाखालून जाणारा बोगदा निवडून तिथपर्यंतच्या सेवारस्त्यावर सायकलसाठी आखलेली पट्टी आणि रात्रीचे दिवे, एवढे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने करायला हवे. त्याव्यतिरिक्त लागणारे काम किरकोळ म्हणावे असेच आहे. वळणांवर आणि फाट्यांवर मराठीत स्पष्ट फलक हवेत, कारण द्राक्षबागांमधले सगळे फाटे सारखेच दिसतात. गतिरोधकांवर पांढरे पट्टे हवेत, कारण दव पडलेल्या सकाळी ते दिसत नाहीत. रस्त्याच्या दुरुस्तीनंतर उरलेली बारीक खडी झाडून काढली पाहिजे, कारण वळणावर सायकल घसरते ती बहुधा त्या खडीवरूनच. साइडपट्टी मुरूम टाकून, दाबून रस्त्याच्या पातळीला आणावी. रस्त्याकडेची चिंच, कडुनिंब, बाभूळ यांची झाडे तोडू नयेत, हेही मी आग्रहाने सांगेन, कारण मार्चपासून इथे उन्हाचा कडाका सुरू होतो आणि बागेत सावली असली तरी रस्त्यावर ती या झाडांशिवाय मिळत नाही.

कालव्यांच्या सेवारस्त्यांचाही या संदर्भात नेहमी उल्लेख होतो. पालखेडचा कालवा किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघणारे गोदावरीचे जुने कालवे यांच्या काठाने जाणारी वाट सपाट आणि निवांत असते हे खरे आहे. पण ती बहुतांशी मातीची आणि मुरमाची असते, पावसाळ्यात चिखलाने भरते, आणि आवर्तन (शेतीसाठी धरणातून पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना कालवा काठोकाठ वाहतो तेव्हा लहान मुलांना घेऊन तिथून जाणे धोक्याचे आहे. त्यामुळे संपूर्ण मार्ग कालव्यावरून नेण्याच्या कल्पनेला माझा पाठिंबा नाही. दोन गावरस्ते जोडण्यासाठी जिथे दुसरा उपायच नाही, तेवढ्याच टप्प्यांपुरती जलसंपदा विभागाने परवानगी द्यावी आणि तिथे कठडे उभारावेत.

आता सायकलस्वारांविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण हा मार्ग ज्यांच्या शेतांतून जाणार आहे त्या बागायतदारांचा विश्वास मिळाल्याशिवाय तो टिकणार नाही. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून, म्हणजे फळासाठीच्या छाटणीपासून, काढणीपर्यंत बागेला दिवस-रात्र जपावे लागते. डाउनी आणि भुरी या रोगांच्या भीतीने ढगाळ हवामानात फवारण्या वाढतात आणि ब्लोअरमधून उडणारे तुषार रस्त्यापर्यंत येतात. अशा वेळी लांब थांबून ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत वाट पाहणे हे आपल्या तब्येतीसाठीही शहाणपणाचे आहे आणि शेतकऱ्याच्या कामाचा मान राखणारेही आहे. निर्यातीसाठी नोंदवलेल्या बागेची माहिती 'ग्रेपनेट' या निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या संगणकीय प्रणालीत असते आणि काढणीपूर्वी तिथल्या द्राक्षांचे नमुने रासायनिक अंश तपासण्यासाठी प्रयोगशाळेत जातात. छायाचित्रासाठी कुंपण ओलांडून आत जाणे, घडावरचा कागद उघडून पाहणे किंवा चव म्हणून चार मणी तोडणे, यांत कोणाला गंमत वाटत असेल, तर वर्षभराच्या मेहनतीवर आपण हात ठेवत आहोत याचे भान त्याला नाही. काढणीच्या काळात एखाद्या गावाने रस्त्याचा एखादा तुकडा काही दिवस बंद ठेवायचे ठरवले, तर सायकलस्वारांनी तो निर्णय विनातक्रार पाळावा.

या पट्ट्यातील पर्यटनाचा विषय निघाला की चर्चा वायनरींकडेच वळते. त्यांना माझा विरोध नाही. नाशिकच्या वाइनने जिल्ह्याचे नाव दूरवर नेले आहे. पण इथली बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी पिकवली जातात आणि त्यांचा बागायतदार पर्यटनाच्या आराखड्यांत कुठेच नसतो. शिवाय मद्य घेऊन सायकल चालवणे हे मोटार चालवण्याइतकेच बेजबाबदारपणाचे आहे, त्यामुळे सायकलमार्गाची जाहिरात वाइन चाखण्याच्या सहलीशी जोडू नये, असे मला कळकळीने वाटते. त्याऐवजी मार्गावरील गावांनी ग्रामपंचायतीजवळ पिण्याचे पाणी आणि स्वच्छ स्वच्छतागृह ठेवावे, बचत गटांच्या महिलांना न्याहारीची सोय चालवता यावी, आणि बागायतदाराला आपली द्राक्षे व बेदाणे बांधावरच विकता यावेत. मोटारीने येणारा पर्यटक वायनरीच्या वाहनतळावर उतरतो आणि तिथूनच परततो. सायकलस्वाराला मात्र दर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबावेच लागते, आणि तो जिथे थांबतो तिथे चहापाण्याचे चार पैसे खर्च करतो.

सिंहस्थाच्या कामांची यंत्रणा सध्या जिल्ह्यात कार्यरत आहेच. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि पर्यटन विभाग यांनी संबंधित ग्रामपंचायतींना सोबत घेऊन येत्या छाटणीच्या हंगामापूर्वी या मार्गाची एकदा प्रत्यक्ष पाहणी करावी, आणि ती मोटारीतून न करता सायकलवरून करावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या दैनिकानेही या विषयावर दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांची मते मागवून ती प्रसिद्ध करावीत. मार्ग कुठून जावा आणि कुठून जाऊ नये, हे सर्वांत आधी त्यांना विचारले गेले पाहिजे.

आपला विश्वासू,
एक सायकलस्वार वाचक, नाशिक