वणवा कोणी लावला ते राहू द्या, गवत कोणाचे ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या तालुक्यात वणव्यात काजूची बाग खाक झाल्याची बातमी गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर वाचली. लाखोंचे नुकसान, आग अज्ञाताने लावल्याचा संशय. बातमी खोटी नाही. पण फेब्रुवारी ते मे या दिवसांत हीच बातमी गावाचे नाव बदलून येते आणि दरवर्षी त्या अज्ञातापाशी येऊन थांबते. मी आमच्या गावची पोलीस पाटील होते. अशा बऱ्याच पंचनाम्यांवर माझी सही आहे. तो अज्ञात सापडत नाही, आणि सापडला तरी पुढच्या वर्षीचा वणवा काही टळत नाही.

आगीला निमित्त काय होते ते गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. रानडुकरासाठी, सशासाठी कोणी गवत पेटवतो. मध काढायला गेलेला हातातली पेटती चूड (गवताची मशाल) तशीच टाकून येतो. काजूच्या बिया पातेऱ्यात, म्हणजे गळलेल्या वाळक्या पानांत, दिसत नाहीत म्हणून बागमालक स्वतःच पातेरा जाळायला घेतो आणि वारा फिरला की शेजाऱ्याच्या नावाने बोंब मारतो. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, रात्री 'बसायला' येणारी मंडळी आहेत. विजेच्या सैल तारा एकमेकींवर आपटून ठिणग्या पडतात. शिवाय माळ जाळला की पुढच्या पावसात गवत चांगले येते, ही जुनी समजूत आहेच. गवत येते, खरे आहे. पण मग गवतच येते. ऐन, किंजळ, हिरडा यांची रोपे हातभर व्हायच्या आत करपतात, दोन-चार वर्षे असे झाले की उतार नुसता गवताचा होतो आणि पुढचा वणवा त्यावर आणखी जोरात धावतो. एवढी निमित्ते असताना कोणाकोणाच्या मागे पोलीस लावणार?

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो की वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात वणवा कसला पेटतो. अहो, हा सगळा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि जांभ्याचा कातळ पाणी धरत नाही. पाऊस चांगला झाला की गवत कमरेच्या वर जाते. ऑक्टोबरच्या उन्हात ते पिवळे पडते, आणि पुढे मृगापर्यंत सड्यावर पाण्याचा थेंब नाही.

माझ्या लहानपणी वणवे लागत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण पेटायला इतके काही शिल्लकच राहत नसे. दसरा झाला की सड्यावर विळे चालू. घरटी बैलजोडी, दोन-चार गाई-म्हशी, त्यांची वर्षाची बेगमी करायची. गोठा शाकारायलाही गवतच लागे. कापून उरेल ते गुरे चरून संपवत. गवताच्या हद्दीवरून भावकीत अशी भांडणे होत की मोजणी आणावी लागे. आज तेच गवत फुकट न्या म्हटले तरी कोणी नेत नाही. बैल गेले, पॉवर टिलर आला. दूध पिशवीतून येते. गोठ्यावर पत्रे आहेत, आणि बऱ्याच गोठ्यांत मोटारसायकल उभी आहे. जमिनीचे मालक विरार, नालासोपारा, डोंबिवलीला. घराला कुलूप, भाताची खाचरे पडीक आणि त्यांत रानमोडी नावाची झुडपी वनस्पती माजलेली. हिला गुरे तोंड लावत नाहीत. पावसात हिरवीगार दिसते, मार्चमध्ये नुसत्या वाळक्या काड्यांचे रान होते, आणि पेटली की गवतासारखी भुरकन संपत नाही, पुरुषभर उंच ज्वाळा उठतात.

आग विझवायचे म्हणजे काय करायचे, हे तालुक्याच्या गावी बसलेल्यांना कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि आग पूर्वेकडे, डोंगराच्या अंगाला चढू लागते. चढावर आगीच्या पुढे माणूस पळू शकत नाही. म्हणून तिच्या वरच्या बाजूला कोणी उभे राहायचे नाही, पोरांना तर जवळ फिरकूच द्यायचे नाही. जळून गेलेल्या अंगाने, बगलेतून शिरायचे. हातात काजूचा नाहीतर जांभळीचा हिरवा डहाळा. नवखा माणूस तो डोक्यावर उगारून झोडपतो आणि ठिणग्या स्वतःच्याच मागे गवतात उडवतो. डहाळा आगीवर दाबून आतल्या बाजूला ओढायचा असतो. अंगावर सुती कपडे हवेत. नायलॉनची साडी नेसून आलेल्या बायांना मी घरी पाठवत असे, त्यावरून बोलणीही खाल्ली आहेत.

नगरपरिषदेचा बंब येतो, पण डांबरी रस्ता संपला की तोही थांबतो. त्यापेक्षा आंब्याच्या फवारणीचा पंप कामाला येतो. दोनशे लिटरचे पिंप, पंप आणि पाइपाचे वेटोळे टेम्पोत टाकले की बागेच्या गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत, पाणी पोहोचते. बहुतेक वेळा हे सगळे पळत आणतात ते बागेत राखणीला ठेवलेले नेपाळी गुरखे. बागेचा मालक पंचनाम्याला येतो, आग गुरख्याने विझवलेली असते, आणि कागदावर त्याचे नावही नसते. हे मला कायम खटकत आले आहे.

सूर्य कलला की खारा वारा पडतो. रात्री मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, सुटेपर्यंत मध्ये थोडा वेळ हवा स्तब्ध असते. खरी आग तेव्हा आवरते. तरी सकाळी पुन्हा सगळी फेरी मारावी लागते, कारण वाळलेले शेण आतून धुमसत राहते आणि दुसऱ्या दुपारी वारा आला की पुन्हा पेट घेते.

नुकसानीचे म्हणाल तर काजूचे झाड जळाले हे सिद्ध करणेच मुश्कील. ज्वाळा खोडाला लागली नाही, नुसती खालून झळ गेली, तरी पाने तांबडी होऊन मोहोर आणि बोंडे गळतात. पाहणीला आलेला माणूस म्हणतो, झाड तर उभे आहे. ते वाळल्यावर परत कोणी येत नाही. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ची कलमे लावून तिसऱ्या-चौथ्या वर्षी कुठे हाताला बी लागते, आणि बियांचा हंगाम नेमका वणव्याच्या दिवसांत. ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटतात त्या वेगळ्याच. फळपीक विमा हवामानावर आधारलेला. अवेळी पाऊस, तापमान, वारा यांचे आकडे हवामान केंद्रावर नोंदले गेले की पैसे मिळतात. वणव्याची नोंद त्या यंत्रात होत नाही. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत 'आग' हा शब्द आहे. तो बागेतल्या आगीला लागू करून घ्यायला चपला किती झिजवाव्या लागतात, ते ज्यांनी झिजवल्या त्यांना विचारा.

या सगळ्यात भाजावळीला, म्हणजे भाताची रोपे करण्याआधी जमीन भाजण्याला (तिलाच राब म्हणतात), फार बोल लावतात. वरकस जमिनीवर राब भाजणारा म्हातारा हा सोपा आरोपी आहे. पण जुनी माणसे भाजावळ कशी करत ते मी पाहिले आहे. कवळ म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा, शेणखत, वर माती असा थर रचायचा. भोवती हात-दोन हात जागा झाडून लख्ख करायची. पहाटे, दहिवर (दव) असताना, वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचे, म्हणजे आग धावत नाही, रांगत जाते आणि माती नीट भाजते. घागर शेजारी. दापोलीचे कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर राबाशिवाय रोपे करायला सांगते, तेही योग्यच आहे, कवळासाठी होणारी झाडांची तोड तरी थांबेल. पण सुट्टीला आलेला मुलगा भर दुपारी काडी लावून चहाला घरात जातो, त्याचे खापर म्हाताऱ्यावर फोडू नका.

आता कायद्याकडे येते. १९२७च्या भारतीय वन अधिनियमाप्रमाणे राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे, आणि वनात ज्यांचे हक्क आहेत त्यांनी आग विझवायला मदत करणे बंधनकारक आहे. वनखाते आपल्या हद्दीत जाळरेषाही काढते, म्हणजे वणवा अडावा म्हणून गवताचा एक पट्टा आधीच कापून-जाळून मोकळा ठेवते. पण रत्नागिरी जिल्ह्यात जवळपास निम्मे क्षेत्र झाडीखाली दिसत असले, तरी त्यातले वनखात्याचे फार थोडे, बाकी सगळे मालकीचे. म्हणजे जिथे वणवा पेटतो तिथे जाळरेषा काढायला कोणी बांधील नाही. संत तुकाराम वनग्राम योजनेत वणव्यापासून जंगल राखणाऱ्या समित्यांना बक्षीस मिळते, ती योजना चांगली आहे, पण तीही वनखात्याच्या जंगलाभोवतीच फिरते. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा संदेश मोबाइलवर मिळतो, त्यासाठी कोणालाही नाव नोंदवता येते. जरूर नोंदवा. फक्त उपग्रह दिवसातून ठरावीक वेळाच डोक्यावरून जातो, आणि आमच्या सड्यावरचे गवत दोन तासांत जळून मोकळे होते.

आपल्याच अंकात ७ जानेवारी २०२५ नंतर लॉस एंजेलिसच्या आगीची छायाचित्रे येत होती. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत मिळून सोळा हजारांहून अधिक बांधकामे गेली. तिथलाही डोंगर झुडपांचाच, हिवाळ्यातल्या पावसावर वाढणारा आणि उन्हाळाभर वाळणारा. वारा मात्र आमच्या उलट, वाळवंटाकडून समुद्राकडे येणारा. त्या श्रीमंत देशाशी आमची तुलना करायची नाही. एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली. आगीच्या धोक्याच्या भागात घराभोवती शंभर फुटांपर्यंत वाळका कचरा आणि झुडपे साफ ठेवणे, ही कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. तेवढ्याने आग थांबतेच असे नाही, हे त्या जानेवारीत दिसले. पण साफसफाई कोणी करायची हा प्रश्न तरी तिथे शिल्लक नाही. आमच्याकडे तोच तेवढा शिल्लक आहे.

मी काही आमच्या चाकरमान्यांना दंड करा म्हणत नाही. सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यांतली निम्मी माणसे वारलेली, नोटीस कोणाला लावणार? जाळरेषा गावाने काढायची आणि मालकांनी आड यायचे नाही, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. बागांच्या आणि वाडीच्या बाहेरून, शक्यतो पाणंद किंवा गडगा धरून, पंधरा-वीस फूट रुंद पट्टा. नोव्हेंबरमध्ये ग्रासकटरने कापायचा, आठवडाभर वाळू द्यायचा, आणि आजूबाजूचे गवत पुरते वाळायच्या आत, पहाटेच्या दहिवरात पट्ट्यापुरते जाळून टाकायचे. पातेरा असेल तिथे जाळायचे नाही, झाडून घ्यायचे. आमच्या शेजारच्या वाडीने हे केले. खर्च आला तो पेट्रोल आणि मजुरी, घरटी आंब्याच्या एका पेटीपेक्षा कमी. मागच्या शिमग्यात वणवा त्यांच्या पट्ट्यापर्यंत येऊन आडवा फिरला आणि आमच्या वाडीत शिरला. तेव्हा आमच्या लोकांना जाग आली, तीही हेव्याने. असो, हेव्याने का होईना.

अडचण येते ती वेळेची. ग्रामसभेत हा विषय निघतो १ मे रोजी, म्हणजे जळायचे ते जळून गेल्यावर. तो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरला पाहिजे. त्यासाठी मालकांची संमती आधी हातात हवी, आणि सगळे मालक एका वेळी गावात सापडतात ते गणपतीत. दीड दिवसाचा गणपती असला तरी सही करायला वेळ मिळतो. म्हणून आपल्याला विनंती आहे की वणव्यावर लिहायचे ते गणपतीच्या आठ दिवस आधी, मुंबईच्या आवृत्तीत लिहा. मार्चमध्ये इथे छापून ते वाचणार आम्हीच, ज्यांच्या हातात डहाळे असतात.

संमतीपत्राचा मजकूर आम्ही तयार केला आहे. कोणत्याही गावाने उचलावा: 'आमच्या गट क्रमांकातून गावाने पंधरा ते वीस फूट रुंदीची जाळरेषा दरवर्षी काढण्यास आमची हरकत नाही. यामुळे जमिनीच्या मालकीत, कब्जात किंवा वहिवाटीत कोणताही बदल होणार नाही व या पट्ट्यावरून कोणासही रस्त्याचा हक्क सांगता येणार नाही.' पहिले वाक्य आम्ही एका बैठकीत लिहिले. दुसऱ्याला तीन बैठका लागल्या, पण ते गाळू नका. त्याच्याशिवाय कोकणात कोणी सही करणार नाही.

आपली,
एक बागायतदार व माजी पोलीस पाटील
ता. राजापूर, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये. शेजारची वाडी वाचते.)