आईच्या दिवसाची वही

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ठाण्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा निकाल लागला. पेढे आणावेत असा हा निकाल नाही, म्हणून पत्र लिहितेय. आपल्या कळव्यातल्या इतरांनीही वाचावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

आई मामाकडे पेणला निघाली होती आणि कळंबोलीला टेम्पोनं तिला उडवलं. त्याबद्दल अजून लिहवत नाही. तेराव्यानंतर विमा कंपनीच्या माणसाचा फोन आला. ‘बाई घरीच असायच्या ना? उत्पन्न काहीच नव्हतं. पाच लाखांत मिटवून टाका.’ बाबा सही करणार होते. त्यांना त्या विषयातून फक्त सुटायचं होतं.

तुम्ही जिन्यात अडवलंत. कोणाची चूक हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख मिळतात, मग टेम्पोवाल्याची चूक कागदावर दिसत असताना तेवढ्यावर का थांबायचं, असं विचारलंत. पनवेलला खेपा घालायची गरज नाही, राहत्या जिल्ह्यात अर्ज करता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, ती चुकवू नका, हे तुम्हीच सांगितलंत. एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, टेम्पोच्या विम्याची प्रत, सगळं वकीलबाईंकडे जाण्याआधी तुम्ही लावून दिलंत. तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस शेजारी असणं काय असतं, ते तेव्हा कळलं.

आणि ती दोनशे पानी वही. ‘आई उठल्यापासून झोपेपर्यंत काय करायची ते लिही. वेळेसकट.’ मला तुमचा राग आला होता, काका. मी चार शब्द लिहिले: स्वयंपाक, धुणं, भांडी, झाडू. तुम्ही वही परत माझ्या हातात दिलीत. मग रात्री बसले. पावणेपाचला पाणी, पिंप भरायचं. साडेपाचला बाबांचा डबा. आजीला जेवणाआधी इन्सुलिन, आज डाव्या दंडाला, उद्या उजव्या. धाकट्याची गणितं. दुपारी आजीचे पाय चोळायचे, त्याशिवाय तिला झोप लागायची नाही. अकरा पानं झाली. बाबांनी ती वाचली आणि सहीचा विषय पुन्हा काढला नाही.

गृहिणीच्या कामाचं उत्पन्न धरलंच पाहिजे आणि त्यात पुढची वाढही मिळवायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये कीर्ती खटल्यात सांगितलंय. बायका घरकामाला रोज सरासरी 299 मिनिटं देतात आणि पुरुष 97, हा 2019 च्या सरकारी पाहणीतला आकडाही त्या निकालात आहे. तुम्ही तो वाचून दाखवलात तेव्हा मी मनात आईची मिनिटं मोजत होते. तिचं वय 44, म्हणून गुणक 14, म्हणजे वर्षाच्या रकमेला 14 नं गुणायचं. धरलेल्या उत्पन्नात 25 टक्के वाढ. आम्ही चौघं अवलंबून, म्हणून तिच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा. हे गणित मला आता तोंडपाठ आहे.

रक्कम त्या पाच लाखांच्या कितीतरी वर गेली. धाकट्याचा वाटा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत राहील. पण मी निकालपत्रातलं एकच वाक्य पुन्हापुन्हा वाचते, जिथे आईच्या कामाचा महिन्याचा आकडा लिहिलाय.

वही तुमच्याकडेच राहिलीय. रविवारी न्यायला येते. आजीला तिच्या पायांबद्दलची ओळ वाचून दाखवायचीय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची मुलगी