चौथं समीकरण

टिळकवाडी, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय बाळ्या,

सहा महिने पत्र नाही, चिडला असशील. आम्ही बरे. आईचे गुडघे तसेच.

धाकट्याचं सांगायचंय. निपाणीच्या शिबिरात रक्त दिलं आणि पंधरवड्याने बोलावणं आलं: हेपटायटिस बी, यकृतात राहणारा विषाणू. मग आईचं तपासलं, तिलाही तेच. म्हणजे जन्मतानाच लागला. मोठेपणी लागला तर शंभरात पाच जणांतही ठाण मांडत नाही. जन्मताना लागला तर नव्वदांत. आई तेव्हापासून देवघरापुढे गप्प बसते. काकूंनी त्याच्या ताटाला खिळ्याने फुली मारून ते वेगळं काढलं. मी त्याच ताटात जेवायला बसलो. जेवणातून हा पसरत नाही, किती वेळा सांगायचं!

आता आपलं भांडण. एमएस्सीच्या प्रकल्पात हाच विषाणू शरीरात कसा वाढतो-घटतो याची तीन समीकरणं होती, संशोधक नोवाक मंडळींची, 1996 ची: निरोगी पेशी, बाधित पेशी, विषाणू. मी म्हणायचो, तीन पुरेत. तू म्हणायचास, चौथं घाल, शरीराच्या सैन्याचं. आठ दिवस अबोला धरलास आणि माझ्या वाटणीचा कुंदाही खाल्लास, लेका!

तुझंच बरोबर होतं. धाकट्याचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातले विषाणू, कोटींच्या घरात; यकृताच्या पेशी मरू लागल्या की वाढतं ते एसजीपीटी मात्र 28, अगदी नॉर्मल. तीन समीकरणांत हे बसवायचं तर बाधित पेशींचा मृत्युदर अगदी खाली ओढावा लागतो. तो खाली का, ते त्यांतून कळतच नाही. हा विषाणू स्वतः पेशी मारत नाही रे, मारतं ते आपलंच सैन्य. आणि पाळण्यापासून पाहिलेल्या शत्रूला ते घरचाच समजून बसलंय. उद्या जागं झालं तर विषाणू घटेल, पण यकृतही पोळेल. डॉक्टर म्हणाले, आत्ता गोळी नको, दर सहा महिन्यांनी रक्त तपासू. हा खूश: "दादा, लिव्हर नॉर्मल आहे की!" मी "हो" म्हणालो आणि गच्चीवर जाऊन बसलो. आपण 'स्थिर समतोल' लिहून खाली दुहेरी रेघ मारली होती, आठवतं? हलवलं तरी फिरून तिथेच येणारा. कसले खूश झालो होतो त्या दिवशी.

वहिनींना नववा लागला ना? बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत हेपटायटिस बीची लस टोचून घ्या. तू स्वतः उभा राहून बघ.

आणि तुझी ती निळी वही, चौथ्या समीकरणाची, रद्दीत घातली नसशील तर इकडे येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठव. पुढच्या तपासणीआधी मला ते नीट सोडवून बघायचंय.

तुझा,
दादू