डबल स्लिट आणि तुझे डोळे

चि. मुक्तास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू आधी म्हणालीस की डबल स्लिट, म्हणजे दोन बारीक चिरांतून प्रकाश सोडून पडद्यावरचे पट्टे पाहण्याचा प्रयोग, विद्यार्थ्यांना शिकवायचा आहे आणि तो तुझा तुलाच पटलेला नाही. मग फोन ठेवता ठेवता म्हणालीस की चार दिवस डोळे चुरचुरत आहेत. या दुसऱ्या गोष्टीवर मी इतके प्रश्न विचारले की पहिली तशीच राहिली आणि तू चिडून फोन ठेवलास. म्हणून हे पत्र. यात डोळ्यांविषयी एक अक्षर लिहायचे नाही, असे आईला कबूल केले आहे.

विद्यार्थ्यांना थॉमस यंगपासूनच सांगायला लाग, पण पुस्तकातली ती आकृती लगेच फळ्यावर काढू नकोस. 24 नोव्हेंबर 1803 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने जो प्रयोग मांडला त्यात दोन चिरा नव्हत्याच. खिडकीच्या झडपेला बारीक छिद्र पाडून आत घेतलेली उन्हाची तिरीप आणि तिच्या वाटेत धरलेली, इंचाच्या सुमारे तिसाव्या भागाएवढ्या रुंदीची पुठ्ठ्याची पट्टी, एवढीच मुख्य सामग्री होती. पट्टीच्या सावलीत, जिथे काळोख असायला हवा तिथे, रंगीत पट्टे दिसले आणि सावलीच्या अगदी मधोमध प्रकाश दिसला. मग त्याने पट्टीच्या एका बाजूचा प्रकाश अडवला आणि सावलीतले सगळेच पट्टे नाहीसे झाले. उजेड कमी केल्यावर काही ठिकाणी काळोख वाढतो हे समजते. पण उजेडात उजेड मिळवल्यावर काही ठिकाणी काळोख पडतो, हे एका लाटेचा उंचवटा (शृंग) आणि दुसऱ्या लाटेचा खळगा (गर्त) एकमेकांवर आल्याशिवाय सांगताच येत नाही. दोन छिद्रांची मांडणी 1807 च्या त्याच्या व्याख्यानसंग्रहात आली. हा यंग पेशाने डॉक्टर होता आणि स्वतःच्याच डोळ्यातला अस्टिग्मॅटिझम (वेगवेगळ्या दिशांच्या रेषा सारख्या स्पष्ट न दिसण्याचा दोष) मोजून त्याने 1801 मध्ये त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला होता. प्रकाशावर काम करणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे तपासून घेतले, एवढेच नमूद करतो.

तुला आठवते का, माळ्यावरच्या खोलीत तू आजीचा केस लेझर पॉइंटरसमोर धरला होतास? समोरच्या भिंतीवर ठिपक्यांची रांग उमटली आणि पट्टीने अंतर मोजून तू केसाची जाडी काढलीस. खाली येऊन साऱ्या घराला ती मिलिमीटरमध्ये सांगितलीस. आजीला त्यातले काही कळले नाही, तरी ती पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. त्या दिवशीही मी आधी ‘पॉइंटर डोळ्यासमोर नेऊ नकोस’ असेच ओरडलो होतो आणि शाबासकी नंतर दिली होती.

असो. खरी अडचण यंगच्या पुढची आहे. पट्टे लाटांमुळे पडतात हे मान्य केले, तर प्रकाश एकेक फोटॉन (प्रकाशाचा सर्वांत लहान, न तुटणारा पुंजका) करून सोडल्यावर काय व्हावे? केंब्रिजच्या जी. आय. टेलरने 1909 मध्ये काजळलेल्या काचांतून ज्योतीचा उजेड अगदी क्षीण केला आणि सुईच्या सावलीचे छायाचित्र सुमारे दोन हजार तास घेत ठेवले; पट्टे तितकेच स्पष्ट आले. नुसता मंद प्रकाश म्हणजे एकेकटे फोटॉन नव्हेत, हे तू मला सांगशीलच. 1986 मध्ये ग्रँजिए, रोजे आणि अस्पे यांनी ती पळवाटही बुजवली: अर्धपारदर्शक आरशावर जो फोटॉन कधीच दोन्हीकडे नोंदला जात नाही, तोच दोन वाटा पुन्हा एकत्र आणल्यावर व्यतिकरण, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळल्याची खूण, दाखवतो.

विद्यार्थ्यांना मात्र जपानी भौतिकशास्त्रज्ञ अकिरा तोनोमुरांची 1989 ची चित्रे दाखव. तिथे चिरांऐवजी इलेक्ट्रॉन बायप्रिझम (इलेक्ट्रॉनांना दोन वाटा देणारी विद्युतभारित तार) होते आणि यंत्रात एका वेळी जेमतेम एक इलेक्ट्रॉन. दहा इलेक्ट्रॉनांचे चित्र म्हणजे नुसते विखुरलेले ठिपके. तीन हजारांना काहीतरी जाणवू लागते. सत्तर हजारांना पट्टे स्वच्छ उभे राहतात. ठिपक्यांच्या रांगोळीसारखे वाटते, पण रांगोळी काढणारीच्या मनात नक्षी आधीच असते. इथे एका इलेक्ट्रॉनाची दुसऱ्याशी गाठही पडत नाही. म्हणून ‘कधी कण, कधी लाट’ हे वाक्य वर्गात उच्चारू नकोस. नोंद नेहमी एका ठिकाणी, अख्ख्या कणाची होते. ती कुठे होण्याची शक्यता किती, हे मात्र दोन्ही वाटा मिळून ठरवतात. कोणत्या वाटेने गेला याची खूण कुठेही उरली तर पट्टे जातात, खूण अर्धवट असेल तर पट्टे फिके होतात, आणि ती खूण वाचायला माणूस हजर असावा लागत नाही. तुला पटत नाही ते बहुधा एवढ्यासाठी की, न मोजलेल्या वाटेलाही तू काहीतरी उत्तर असलेच पाहिजे असे धरून चालतेस.

पुन्हा तास घेतला, क्षमा कर. पस्तिशीतले विद्यार्थी भेटले तरी मी हेच करतो.

जे. जे. थॉमसन यांना 1906 चे नोबेल मिळाले ते वायूंमधून वीज कशी वाहते यावरच्या कामासाठी, ज्या काळात त्यांनी इलेक्ट्रॉनाला कण म्हणून ओळखले, आणि त्यांच्या मुलाला, जी. पी. यांना, 1937 मध्ये मिळाले ते इलेक्ट्रॉनाचे विवर्तन, म्हणजे लाटेसारखे वळून पसरणे, दाखवल्याबद्दल. मुलाने बापाला खोडले नाही आणि तरी पुढे गेला, याचे मला फार अप्रूप वाटते. तू तर माझ्या पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानाच्याही पलीकडे जाऊन बसली आहेस, हे मी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा सांगितले आहे की लोक विषय बदलतात.

आता आईला दिलेला शब्द मोडतो. तुमच्या टेबलावरचा 405 नॅनोमीटरचा जांभळा लेझर डोळ्याला आहे त्यापेक्षा मंद भासतो, आणि अवरक्त किरण तर दिसतच नाही, त्यामुळे पापणीही मिटत नाही. गॉगल त्याच तरंगलांबीचा आहे ना? आजोबांच्या काचबिंदूचा लेझरशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण तो आपल्या घरात आहे, म्हणून डोळ्यांचा दाब एकदा मोजून घे. कदाचित हे सारे रात्री-अपरात्री स्क्रीनसमोर बसण्यामुळेच असेल. ते डॉक्टरांना सांगू दे.

शनिवारची वेळ घे आणि मला कळव. तास कसा झाला तेही लिही, विशेषतः कोणी अडचणीत आणणारा प्रश्न विचारला असेल तर. मेथीचे लाडू कुरिअरने निघाले आहेत.

तुझे,
बाबा