वर भिरकावलेली बॅटन

चोपडा,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय नाना,

बठ्ठं ठीक शे ना? सुरतेत थंडी पडली का? इकडे पहाटे शेकोट्या पेटायला लागल्यात आणि बाजारात भरताची वांगी आलीत. घरचं बाकी सगळं आपलं फोनवर होतंच. पण आज जे सांगायचंय ते फोनवर मावणार नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. आणि हे तुला सोडून सांगू कुणाला? शाळेच्या बँडपुढे ती लांब मुठीची काठी घेऊन चालायचास तू.

गेले काही महिने मला बॅटन ट्वर्लिंगचं वेड लागलंय. शाळेत मोठा टीव्ही आला तेव्हा मी लेझीम पथकातल्या मुलींना जगभरच्या कवायती दाखवत होतो. त्यातच बॅटनच्या जागतिक स्पर्धेतला एक कार्यक्रम लागला आणि नाना, मुली जागच्या उठेनात. मीही उठलो नाही. तेव्हापासून शनिवारी शाळा सुटली की आम्ही तेच बघतो.

बॅटन म्हणजे पोलादाची बारीक, पोकळ, चकचकीत दांडी. जाडी तीन अष्टमांश इंच किंवा जरा जास्त. वजन पाव किलोच्या आसपास. लांबी खेळाडूच्या हाताच्या मापानं ठरते. दोन्ही टोकांना रबराचे पांढरे गोळे, एक मोठा आणि एक लहान. मोठ्याला बॉल म्हणतात, लहानाला टिप. बॉल जड, म्हणून दांडीचा तोल बरोबर मध्यावर न येता बॉलकडे जरासा सरकलेला असतो. सगळा खेळ त्या एका बिंदूवर. बोटांना आधी तो ओळखावा लागतो आणि मग डोळे मिटले तरी सापडावा लागतो. आपल्या आखाड्यात बनेठी फिरवणारे वस्ताद पहिल्या दिवशी काठी बोटावर आडवी तोलायला लावायचे, आठवतं? तेच हे.

आणि याचं मूळ तुझ्याच काठीत आहे बरं! फौजेच्या बँडपुढे चालणाऱ्या ड्रम मेजरची ती काठी. २९ जानेवारीला दिल्लीत बीटिंग रिट्रीट होतं तेव्हा सगळा बँड तिच्याच इशाऱ्यावर वळतो, थांबतो. अमेरिकेत शाळा-कॉलेजांच्या बँडपुढे मुली चालायला लागल्या, तशी काठी आखूड आणि हलकी झाली, आणि नुसत्या इशाऱ्याच्या काठीची खेळाची काठी झाली. १९४५ मध्ये तिथे बॅटनची राष्ट्रीय संघटना निघाली. तिथल्याच पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडपुढे १९५४ पासून 'गोल्डन गर्ल' म्हणवणारी बॅटनवाली चालते, आजही चालते. पुढे देशोदेशीच्या संघटना एकत्र आल्या, १९७७ मध्ये जागतिक महासंघ झाला आणि १९८० मध्ये सिअ‍ॅटलला पहिली जागतिक स्पर्धा भरली. अलीकडे दोन मोठे महासंघ एक झाले, त्यांची मोठी स्पर्धा २०२३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडात लिव्हरपूलला झाली. जपान यात फार पुढे. तिथे शाळाशाळांतून बॅटनचे क्लब असतात, अन् त्यांची पोरं मैदानात उतरली की इतर देशांचे खेळाडूसुद्धा कठड्याशी येऊन उभे राहतात.

पण तारखा राहू दे. मला तुला तिथली हवा सांगायचीय.

मोठं बंदिस्त सभागृह, उंच छत, मध्ये मोकळी लाकडी जमीन. एका बाजूला परीक्षकांची टेबलं. बॅटनशिवाय हातात काही नाही, अंगावर खेळाचा पोशाख, आणि एकटी मुलगी चालत मध्यावर येते. काही प्रकारांत हालचाली ठरवून दिलेल्या असतात, सगळ्यांनी त्याच करायच्या, म्हणजे हात कुणाचा स्वच्छ ते लगेच कळतं. फ्रीस्टाइल मात्र ज्याची त्याची. आपलं संगीत, आपली रचना, दोन-अडीच मिनिटं. परीक्षक तंत्राचे गुण वेगळे देतात आणि कलेचे वेगळे. शिवाय जोडी असते, संघ असतो, दोन बॅटन, तीन बॅटन असतात. तीन बॅटनवाल्याचे हात बघताना मला खरंच श्वास घ्यायचं भान राहत नाही.

कामाचे प्रकार मुख्य तीन. एक, बॅटन हातातच फिरत राहते, बोटांतून, मनगटाभोवती, कधी उभ्या वर्तुळात, कधी आडव्या. वर्तुळ जरा तिरकं झालं की गुण गेले. दुसरा प्रकार रोल. बॅटन हातानं न धरता अंगावरून फिरवायची. कोपरावरून दुसऱ्या कोपरावर, खांद्यावरून, मानेमागून, आणि ती थांबता कामा नये. तिसरा प्रकार फेकीचा. बॅटन वर जाते, खाली ती मुलगी गिरक्या घेते, नाहीतर एक पाय आकाशाला लावून कंबरेतून उलटी फिरते, आणि मग झेल. झेलही साधा नसतो. पाठीमागे, पायाखालून, डाव्या हातात, आणि कधी तर न बघता.

एका जपानी मुलीची फेक मी थांबवून थांबवून पुन्हा पुन्हा पाहिली. फेकताना तिचा अंगठा बॉलकडे. मनगटाचा एक हिसका, आणि बॅटन सरळ वर. नाना, ती एकदाही वर बघत नाही. गिरक्या संपताना तिची मान फक्त एकदा वर येते, तेवढ्यात तिनं बघून घेतलेलं असतं, कारण हात आधीच निघालेला असतो. आणि तो हात झडप घालत नाही. तळवा उघडा ठेवून तो बॅटनच्या फिरण्याबरोबर थोडा खाली येतो, अन् दांडी तोलाच्या बिंदूवर बरोबर बोटांत बसते आणि फिरणं चालूच राहतं. झेल कुठे संपला आणि पुढची हालचाल कुठे सुरू झाली, हे मला अजून नीट दाखवता आलेलं नाही.

शास्त्राच्या बाईंनी फळ्यावर गणित मांडून दिलं, तेव्हा पोरींचे डोळे विस्फारले. बॅटन हातातून सुटून परत हातात यायला दोन सेकंद हवे असतील तर ती सुमारे पाच मीटर वर जायला पाहिजे. तीन सेकंद हवे असतील तर अकरा मीटर. एक सेकंद वाढवायचा तर उंची दुपटीहून जास्त! म्हणजे एक गिरकी वाढवायची तर नुसता जोर लावून भागत नाही. जास्त उंच फेकलेली बॅटन जरा तिरकी गेली की हातभर लांब पडते. म्हणून मोठे खेळाडू फेक उंच करण्यापेक्षा गिरकी घट्ट करतात. हात छातीशी आवळले, अंग बारीक केलं की फिरण्याचा वेग वाढतो. दोन सेकंदांत किती मावेल, यावर तिथे जिंकणं-हरणं चालतं.

आता या दोन सेकंदांत सभागृहात काय होतं ते ऐक. सगळे गप्प होतात. ज्या देशाची मुलगी खेळतेय ते गप्प, आणि जिची पाळी पुढे आहे तीही गप्प. बॅटन हातात आली की एकदम आरोळी उठते. आणि पडली तर? लाकडावर बॅटन पडली की केवढा आवाज होतो! लपवायला जागाच नाही. गुण जातात, संगीत पुढे निघून जातं. पण पोरगी वाकते, उचलते, आणि संगीत जिथे पोहोचलंय तिथे जाऊन मिळते, आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या तेव्हा पडतात. प्रतिस्पर्ध्याच्या बाकांवरूनसुद्धा. आपल्याकडे कुस्तीच्या फडात पाडणाऱ्याला फेटा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. पण ज्याच्या हातून सुटली त्याच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवणारं मैदान मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते फार आवडलं.

घरी आईला दाखवलं. तिनं चष्मा पुसला, दोन-तीन झेल पाहिले आणि म्हणाली, "माय वं! हाई पोर कशी झेलस!" आता संध्याकाळी टीव्हीवर तिची मालिका संपली की तीच म्हणते, ती काठीवाली पोर लाव.

पत्राचं कारण आता येतंय. आपल्या मुलींच्या हातात हे सगळं आधीच आहे, नाना. लाठीचे हात आहेत, घुंगुरकाठी आहे, लेझमीचा ताल आहे. पण लाठी आपण त्यांना फक्त संरक्षणासाठी शिकवतो. शिबिर होतं, फोटो निघतात, प्रमाणपत्र मिळतं. दहावी झाली की लाठी कोपऱ्यात. मुलीच्या हातात जी नजाकत आलेली असते तिला पुढे जायला जागाच नाही. तिला परीक्षक नाही, गुण नाहीत, प्रतिस्पर्धी नाही. बॅटनवाल्यांनी नेमकं हेच केलं. मिरवणुकीतली काठी घेतली, तिला नियम दिले, पातळ्या दिल्या, मैदान दिलं. आपल्या मातीतल्या खेळांचंही असं होऊ शकतं हे आपण पाहिलंय की. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत शिवाजी पार्कला झाली, बाहेरच्या देशांची पोरं येऊन खांबावर चढली. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडियात मल्लखांब होता, शीखांचा काठीचा खेळ गतका होता. मग आपली फिरती काठी मागे का राहावी?

नववीतल्या एका मुलीचं सांगतो. वडील केळीच्या कापणीला जातात, ट्रक भरून देतात. पोरीचं मनगट असं मोकळं फिरतं की बघत राहावं. बॅटन विकत आणायची तर ती इथे कुठे मिळणार! तिनं घरातली मोडकी लांब छत्री आणली. छत्रीची दांडी पोलादी, पोकळ, जाडी जवळपास तीच. मूठ कापून काढली, प्रयोगशाळेतली भोकाची रबरी बुचं दोन्ही टोकांना बसवली. एका टोकाला एक, दुसऱ्याला दोन, म्हणजे ते जड झालं. बोटावर तोलून पाहिली तर तोलाचा बिंदू जड बाजूकडे सरकलेला! आज वर्गात अशा छत्रीच्या बॅटन बऱ्याच जणींकडे आहेत, आणि गावातला छत्र्या दुरुस्त करणारा दांड्या आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो. या पोरीला कोपरावरचा रोल जमायला लागलाय. कोपराचं हाड काळंनिळं झालंय, मी थांब म्हटलं तर म्हणते, सर, अजून एकदा. डावा हात मात्र अजून कच्चा आहे, त्याच्यावर रोज वेगळी मेहनत घेतोय.

म्हणून ठरवलंय, तालुक्याची स्पर्धा घ्यायची. मैदानात नाही. तापीकाठचा दुपारचा वारा तुला माहीत आहे, वर गेलेली काठी तो ढकलतो. जिनिंगची शेड उंच आहे, पण आता ती कापसानं भरलेली आणि उन्हाळ्यात तिथे भाजून निघू. मंगल कार्यालय पौषात रिकामं असतं. छत मोजून आलो, बावीस फूट. मुलीच्या खांद्यापासून दोन सेकंदांची फेक तिथे जेमतेम मावते. मधले पंखे तेवढे उतरवून देतो म्हणालेत. गट दोन, लाठी आणि छोटी काठी. ठरलेल्या हालचालींची एक फेरी, मग फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइलला अहिराणी गाणं, हलगी, संबळ, जे हवं ते. तंत्राचे आणि कलेचे गुण वेगळे. काठी पडली तर गुण जातील, पण पोरगी थांबणार नाही, आणि प्रेक्षकांनी काय करायचं हे आम्ही आधीच सांगून ठेवू. आजूबाजूच्या शाळांना पत्रं गेलीत. धरणगाव आणि यावलकडून होकार आलाय, शिरपूरचे सर येऊन पाहून गेले.

तंत्राचा परीक्षक म्हणून मला तू हवायस. काठी हातातून सुटताना तिरकी गेली की नाही हे सांगणारा डोळा आख्ख्या तालुक्यात तुझा. शिवाय शाळेच्या कपाटात ती तुझी जुनी काठी अजून आहे, मुठीवरचं पाणी थोडं गेलंय एवढंच. दोन-तीन दिवस आधी आलास तर मुलींना ती फेकायची कशी हे दाखवशील. त्यांनी तुझ्याबद्दल इतकं ऐकलंय की रोज विचारतात, नाना काका कधी येणार.

पौष लागला की पहिला शनिवार-रविवार धरलाय. सुरत-भुसावळ गाडीनं अमळनेरला उतर, मी गाडी घेऊन स्टेशनावर असेन. वहिनींनाही आण, आईनं कळण्याची भाकरी आणि भरीत करायचं आत्ताच ठरवून टाकलंय. रजा मिळते का ते लवकर कळव. परीक्षकांच्या कागदांवर तुझं नाव घालून छापायला द्यायचंय.

तुझा,
आबा